नेलकटर

तिची नखं शेवटी मीच कापायचो.
चौतीस वर्षं गोदीतल्या लेथवर
केसाएवढ्या फरकाची कामं केलेले हात
तिच्या करंगळीशी आले आणि थरथरले.
एस्तेर म्हणाली, "कापा हो. रक्त आलंच
तर म्हणू, नेलपॉलिश लावलंय."

सात महिन्यांत शिकलो.
पाय आधी कोमट पाण्यात,
तिच्या आईनं जालन्याहून दिलेल्या पितळी गंगाळात.
नख सरळ कापायचं, कोपऱ्यात शिरायचं नाही,
नाहीतर नखुरडं होतं.
बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत, तिथे ओल राहते.

मग शिवडीला माती दिली.
गंगाळ पलंगाखाली पालथं घातलं.

लोक येत. म्हणत, प्रभूची काही योजना असेल.
मी म्हणे, असेल. चहा घ्या.
रात्री प्रार्थनेला हात जोडायचो
आणि जोडलेल्या हातांकडेच बघत बसायचो:
एवढं सगळं शिकवलंस,
आणि जिच्यासाठी शिकवलंस तिलाच नेलंस.
आता यांचं काय करू? कुठे ठेवू हे?
पुढे शब्द नसायचे. आमेनसुद्धा नाही.

ऐकलं होतं, मेल्यावरही नखं वाढत राहतात.
ते फार छळायचं.
मातीखाली तिची नखं, आणि कापायला कुणी नाही.

प्रभुभोजनाचा रविवार होता.
पुढच्या रांगेत मकासरे गुडघ्यावर टेकलेले,
चपला मागे सुटलेल्या, तळवे माझ्याकडे.
अंगठ्याचं नख शिंपल्यासारखं वळून मांसात घुसलेलं.
भाकर कधी तोडली, पेला कधी फिरला,
देवाशप्पथ सांगतो, मला कळलं नाही.
मी त्या नखाकडे बघत होतो.

बाहेर गाठलं त्यांना, भायखळ्याच्या त्या उन्हात.
"वाकता येत नाही ओहोळ," ते म्हणाले.
"सून कामावरून दमून येते. तिला कसं सांगू?"

घरी जाऊन गंगाळ काढलं. आत कोळ्यानं जाळं केलं होतं.
चिंचेनं घासलं.

आता बुधवारी आणि शनिवारी निघतो.
मकासरे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या हमीदाआपा,
साखरेनं त्यांचे पाय बधिर केलेत,
"दुखतंय का" विचारून उपयोग नाही,
डोळ्यांनीच जपायचं.
मग रोझी मिस, भूगोल शिकवायच्या,
एकेका बोटाला एकेक राजधानी म्हणतात
आणि सातव्या बोटाशी दरवेळी अडतात.
आम्ही दोघं थांबतो.
नाही आठवत तर नाही आठवत, पुढचं बोट घेतो.

हमीदाआपांचा नातू डॉक्टरकी शिकतो.
तो म्हणाला, "नाही काका, मेल्यावर नख वाढत नाही.
कातडी आक्रसून मागे सरते, तेवढंच दिसतं."
मी जिना उतरलो, मधल्या वळणावर बसलो
आणि पोटभर रडलो.
तिचं काही राहिलेलं नव्हतं.
वाढत होती ती जिवंतांचीच.

पाळकसाहेबांना कळलं, खूश झाले.
म्हणाले, मंडळ काढू, नाव देऊ, वर्गणी घेऊ.
मी म्हटलं, साहेब, नखं तीन आठवड्यांत वाढतात.
त्यांना वर्गणी लागत नाही.

हल्ली प्रार्थना होते. लांब नाही.
गंगाळात पाणी ओतताना कोपर बुडवून बघतो,
चटका बसत नाही ना,
तेवढ्यात होऊन जाते.

परवा मकासऱ्यांची सून लवकर घरी आली होती.
मी आवरत होतो. तिनं माझ्या चपलेकडे बघितलं.
"काका, तुमचीच केवढी वाढलीत. बसा. पाय इकडे करा."
मी म्हटलं, छे छे, तू कशाला.
म्हटलं, माझे पाय घाण आहेत.
म्हटलं, मी घरी कापीन.
ती पदर खोचून खाली बसलेली.

पेत्रानंही त्या रात्री आधी नाहीच म्हटलं होतं.

पाय घातले.
पाणी जरा गरमच होतं.