दगड

भुसावळच्या बाजारात दुकानदारानं तीन वस्तू मांडल्या:
दोन फटींचं यंत्र, ओढलं की झालं;
नुसती सळई;
आणि हा दगड, एका अंगाला खरखरीत, दुसऱ्याला मऊ.
मी लोको शेडमधला जुना फिटर,
कोनाला भुललो.

बादलीत तो आधी बुडबुडला, मग गप्प झाला.
वीस अंश धरून बसलो सकाळभर.
पारोळ्याची द्वारका, हात कळण्याच्या पिठात:
"कपना बूडले काय व्हयनं?"

दुपारी टोमॅटो आपल्याच वजनानं चिरला गेला.
तिचं बोटही.

आता ती सुरी माझी.
ती अजून बोथटीवरच मिरच्या कापते,
जोर कुठे द्यायचा हे मनगटाला पाठ आहे.
दगड मात्र तिनं आवडीनं ठेवलाय
लोणच्याच्या बरणीत, फोडींवर,
खरखरीत बाजू वर.