शेवटच्या दोन ओळी

चेअरमनसाहेबांच्या एकसष्टीचं मानपत्र
आज रात्री हवंय. शाल, नारळ, पाकीट.
'सहकारसूर्य' लिहून झालं, 'ऋषितुल्य'ही.

असाच एकजण होता, आठ-नऊशे वर्षांमागं,
अंदलुसियात, वजिराच्या दारी.
देवाच्या हिब्रूत धन्याची थोरवी रचायचा,
पेला, बाग, हरणाचे डोळे, सगळं मापात,
आणि अखेरीस, रिवाजच तसा,
दोन ओळी गल्लीतल्या पोरीच्या, तिच्या रोमान्स बोलीत.
लिपी मात्र हिब्रूच. उजवीकडून डावीकडे
ती आईला काहीतरी विचारते.
स्वर लिहिलेले नाहीत. पंडित अजून भांडतायत,
रडते की चिडते.

सुभाषनगरात चपलेचा अंगठा शिवून घेताना
चामड्याची वेणी घालत तायव्वा फोनवर बोलत होती.
आमच्याकडं बाई स्वतःला 'आलो, गेलो' म्हणते.
तो पुरुष असून बाईच्या तोंडानं बोलायचा.

तिला विचारलं नाही मी.
त्यानंही विचारलं नसणार.

मानपत्राच्या तळाशी लिहून टाकलं. खोडतील.

"न्हाई जेवलो मी. तू येतो म्हनलास,
कालवन दोनदा ऊन केलं की रं."