निळी शाई

नगररचना कार्यालयात बत्तीस वर्षं
राजेशम गुर्रमनं सोलापूर काढलं
ट्रेसिंग पेपरवर, जीभ दातांत धरून.

गिरणी ब्लेडनं खरवडली.
खरवडल्या कागदावर शाई फुटते,
म्हणून तिथल्या अपार्टमेंटच्या भिंती
अजून जरा केसाळ.
चिमणी ठेवली.
"मोजायला खूण नको का?"

सीना हद्दीपलीकडं.
निळ्या बाटलीचं बूच तसंच.

पाचव्या दिवशी, रात्री दोनला,
बायको हलवते, नीळ्ळोच्चिनय्!
बादल्या लावून तो गच्चीवर जातो.
पूर्व भागात दिवे लागत येतात
पाइपलाइनच्या वळणानं,
टाकीपासून खाली,
घर, घर, बोळ ओलांडून घर.

बोटानं तो हवेत रेघ ओढतो.
मधे एक घर काळं राहतं.
ते लोक पुण्याला गेले.