उंची

चौथीत मुलं एकूण सात.
वेळग्याच्या आमच्या शाळेची एक खिडकी रस्त्याकडे आहे,
ती उघडत नाही. खनिजाचे ट्रक जातात
आणि बाकांवर, डस्टरवर, हजेरीपटाच्या घडीत
तांबडं पीठ बसतं.
म्हणून प्रयोग आतच करायचा ठरला.

घरून अळसांदे आणायचे होते, प्रत्येकी पाच.
रुक्मिताने मूठभर आणले, न मोजता.
शाणूने एकच. तोही किडका, मधोमध भोक पडलेला.
मी म्हटलं, हा नको.
तो त्याने दिवसभर मुठीत ठेवला.

करवंट्या झाल्या, आइसक्रीमचे डबे झाले,
फेणीच्या बाटलीचा कापलेला बूड
(कुणाच्या घरचा, ते विचारलं नाही).
माती सिनारींच्या कुळागरातून आणली,
कारण शाळेभोवतालची माती चुंबकाला चिकटते,
तन्वेशने फिरवून दाखवलं.

एक करवंटी ट्यूबखाली ठेवली,
वीज असेल तेवढा वेळ.
एक माठाच्या गारव्याला.
एक दाराशी, जिथे पंधरा मिनिटं
चपलांवर ऊन पडतं.
आणि एक कपाटात, नकाशांच्या मागे.
कपाट उघडायचं नाही, असं फळ्यावर लिहून
मी खाली दोन रेघा ओढल्या.

सहाव्या दिवशी दाराशीचं रोप बकरीने खाल्लं.
वहीत काय लिहायचं यावर भांडण.
"मेलं" नको, म्हणाली साईशा, बकरी त्यांचीच.
शेवटी लिहिलं: उंची – बकरी.

कपाटासमोर रोज थोडं पाणी सांडलेलं दिसायचं.
मी पुसून घेत होते.

अकराव्या दिवशी, पाव-भाजी वाटताना,
कुलूप निघून उरलेल्या भोकातून
एक टोक बाहेर आलं होतं.
पांढुरकं, मान किंचित वळवलेली,
पान म्हणावं असं त्यावर काहीच नाही.
शाणू पुढे गेला. फार जवळ नाही.
"बाई, तें सोदता," म्हणाला.
वर्गात मराठी बोल, असं त्याला
त्या दिवशी कुणीच म्हटलं नाही.

दार उघडून मोजलं. सत्तावीस सेंटिमीटर.
ट्यूबखालचं नऊ, हिरवं, ठेंगणं, दांडगं.
माठाजवळचं सात.
"म्हणजे कपाटवालं पहिलं," तन्वेश म्हणाला.
मी हो म्हणणार होते,
तेवढ्यात कुणीतरी पट्टी काढली
आणि पट्टीला टेकलेलं ते सगळं
सत्तावीस सेंटिमीटर
करवंटीच्या काठावर आडवं झालं.

करवंटीत मी पाच दाणे पेरले होते.
कोंब सहा निघाले.
सगळ्यात लांबड्याच्या बुडाशी साल अजून चिकटलेली,
मधोमध भोक असलेली.
शाणू पंख्याकडे बघत होता.

निष्कर्षाची ओळ कोरीच आहे.
सध्या मुलं दोन ट्रकांमधलं अंतर मोजतात.
कधी चार मिनिटं, कधी दीड.
साईशा भिंतीला कान लावून बसते,
ती "आतां!" म्हणाली की खिळा काढायचा,
खिडकी उघडायची,
करवंटी दोन्ही हातांनी बाहेर धरायची,
आणि जमीन थरथरू लागली
की आत.