पाठटाचण

पाठटाचणाच्या वहीत बावीस वर्षं
मी तेच चार रकाने आखत आलो:
घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साहित्य.
साहित्याखाली नेहमी: खडू, फळा, नकाशा.
नकाशा वाळवीनं कधीच खाल्ला.
रकान्यात अजून आहे.

निलोफर सोलकर दिवाळीनंतर आल्या,
रत्नागिरीहून सकाळची एसटी, पूर्णगडच्या पुलापासून चालत.
आम्ही धरून चाललो होतो: प्रोजेक्टर, बटाटेवडा,
शेवटी अभिप्रायाचा फॉर्म.
त्या नववी-ब च्या शेवटच्या बाकावर बसल्या,
चार दिवस. अवाक्षर नाही.
शुक्रवारी चहाच्या बशीखालून
एक चिठ्ठी माझ्याकडे सरकवली:
"चाळीस मिनिटांतली सव्वीस
तुमचं तोंड फळ्याकडे.
हर्षला ओठ वाचते."

मी चिडलो. खरं सांगायचं तर चांगलाच.
म्हटलं, बावन्न पोरं, डिसेंबरात पोर्शन संपवायचा,
एकीसाठी काय नाच करू?
त्या म्हणाल्या, नाच नको.
आधी लिहा. मग वळा. मग बोला.
एवढंच?
एवढंच. पुढच्या शुक्रवारपर्यंत.

एवढंच करायला गेलो तेव्हा कळलं,
लिहिणं नि बोलणं माझ्यात किती गुंतलंय,
जाळ्यात कुर्ली अडकावी तसं;
एक नांगी सोडवावी
तर दुसरीनं धरलेलं असतं.

हर्षला आडिवरेकरच्या कानातलं यंत्र
खाऱ्या हवेनं मे महिन्यातच बसलं होतं.
तिची आई कोळंबी सोलते, किलोवर.
मला यातलं काही माहीत नव्हतं.
मी प्रगतिपुस्तकात दोनदा लिहिलंय:
"वर्गात लक्ष नसते."
माझंच अक्षर. वळणदार.

पाठ या शब्दाचे दोन अर्थ
मी शिकवत नाही, माझा विषय भूगोल.
पण तिला माझ्याकडून
त्यातला एकच मिळत आला.

दुसऱ्या शुक्रवारी भरती-ओहोटी.
निलोफरबाई म्हणाल्या, आज उत्तर
वहीतच हवं हा हट्ट सोडून बघा.
मिथिल डोर्लेकर, ज्याच्या वहीत नुसत्या होड्या,
उभा राहिला:
"सर, आज षष्ठी. तिथीची पाऊणपट.
साडेचाराक पुरी भरती.
परवा अष्टमी, भांग. पानी जास्त चढायचा नाय."
कोणी शिकवलं?
"आज्यान."
मी त्याला पुढे बोलावलं, खडू दिला,
आणि तो थेट माझ्यासारखाच
फळ्याला सांगू लागला.

टक टक.
हर्षला. कंपासपेटी बाकावर.
वर्ग हसला. मिथिल वळला,
दोन्ही हातांनी पाणी चढवून दाखवलं,
सावकाश उतरवून दाखवलं,
आणि मागच्या रांगेतली ती चौघं,
ज्यांना कानाचं काही दुखणं नाही,
तीही पहिल्यांदा बघत होती.

साडेचारला मी खिडकीशी गेलो.
खाडी जेटीच्या वरच्या पायरीवर.
घड्याळ पुन्हा पाहिलं. साडेचारच.

गणिताचे शेट्येसर म्हणाले, पोरांना डोक्यावर बसवलंत,
मास्तराला टकटक करतात.
गेल्या आठवड्यात जिन्यात गाठून म्हणाले,
त्या बाई माझ्या तासाला बसतील का,
म्हणजे, सहज.

परवा विस्तार अधिकारी आले, वही मागितली.
नकाशा मी खोडलाय.
साहित्याखाली आता: खडू, फळा,
तोंडी उत्तर चालेल, एक कंपासपेटी.
कंपासपेटी? भूगोलाला?
मी समजावू लागलो,
आणि आकृती काढावी म्हणून
बोलता बोलता
सवयीनं फळ्याकडे

टक टक.