कल्ला

ससून डॉक, पहाटेचे साडेचार.
चांगुणाबाय अंगठ्याने दाढ्याचा कल्ला उचलते :
"बग, लालभडक! आजचाच हाय."
गिऱ्हाईक रंग बघतं,
मी भिंग काढते.

झालरीत तांदळाच्या कणीएवढा चपटा जीव,
शेपटाकडच्या चिमट्यांनी धरून बसलेला.
दाढ्याखेरीज दुसरं घर त्याला चालत नाही.
नर तोच, मादी तीच.

कल्ले ती मांजरांना टाकायची.
आता बर्फात घालून मला देते, फुकट :
"किड्यांचं काय मोल करू?"

आज भिंग तिनेच मागितलं.
बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली.
गिऱ्हाईक खोळंबलं.
"परवा रातीच मेला दाढा," ती पुटपुटली,
आपणच काय सांगितलं होतं ते विसरून,
"आन् याला कुनी कळवलंच नाय."