आहे

शाहूपुरीत, बेकरीच्या माडीवर
शलमोन बनसोडे सर अकरा वर्षं
एका क्रियापदापाशी थांबलेत.

'हे माझे शरीर आहे.'
या 'आहे'पायी जर्मनीत दोघे भांडले;
एकानं टेबलावर खडूनं शब्द लिहिला,
दुसऱ्यानं हात पुढे केला, तो तसाच राहिला.

पुढचं प्रकरण : वेदीशेजारी झेंडा उभा राहिला ते साल.
पान कोरं. समासात पेन्सिलीनं
'आपल्याकडे?'
खोडलेलं, तरी वाचता येतं.

रविवारी पाळक भाकर मोडतात,
घाईघाईनं म्हणतात तेच वाक्य.
रूथाबाई तुकडा तळहातावर घेतात,
मिरचीच्या डंकावर लाल झालेला तळहात,
आणि म्हणतात : 'हाय की.'

सर घरी येऊन दिवा लावतात.
तळटिपेला जागा आहे.
संदर्भ कुठला द्यायचा?